डावं मागचं दार

आमच्या गल्लीत घड्याळं नंतर आली.
आधी कंपनीच्या बसेस होत्या.
पावणेसहाला त्रिमूर्ती चौकात हॉर्न वाजला
की सहाव्या स्कीमपर्यंत कुकर चढायचे,
आणि रात्रपाळी करून आलेल्यांच्या खिडक्यांना
आया जाड चादरी लावायच्या, आम्हाला म्हणायच्या,
खेळा, पण तोंड मिटून.

आडनावं कागदावर. ओळख शॉपची.
पेंटचे खैरनार, प्रेसचे बोरस्ते.
बोरस्तेकाकांना डाव्या हाताची दोन बोटं नव्हती,
तरी गणपतीत ढोल तेच वाजवायचे.
ओळीतल्या सगळ्या जाळ्या एकाच रुपेरी रंगाच्या,
तो रंग कुठून आला, कोणी विचारलं नाही.
करार झाला की वरचा मजला चढायचा.
लांबला की सळया
आभाळाकडे बघत गंजायच्या.

अण्णा एकतीस वर्षं डावं मागचं दार बसवत होते.
फक्त तेच. उजवं पलीकडे, निकमांकडे.
लग्नात मंगल कार्यालयाबाहेर गाड्या लागल्या
की हातातला घास तसाच ठेवून ऐकत:
रबर सुकलंय.
बिजागरी उतरलीय.
हे दार माझं नाही.
स्वतःची गाडी कधी घेतली नाही.
सायकल होती. तिला दार नव्हतं,
म्हणून तिच्याबद्दल त्यांचं काही मतही नव्हतं.

मी अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या आत,
दाराभोवतीच्या रबरी पट्ट्या तपासते.
मागच्या वर्षी चीनहून मशीन आलं,
अंगभर न वाचता येणारी अक्षरं घेऊन,
आणि ते बसवायला तीन आठवड्यांसाठी लुओ,
जो चहाला मान हलवायचा आणि मिरचीला हसायचा.

लाइट गेली तशा एका दुपारी
त्याने फोनवर त्याचं गाव दाखवलं.
मी म्हटलं, अरे, हे तर सातपूर.
तीच पत्र्याची शेडं, गरजेपेक्षा रुंद रस्ता,
पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाड्यांच्या रांगा,
थांब्यावर निळ्या कपड्यांत उभ्या उभ्या डुलक्या घेणारे.
मागे पांडवलेणीचा डोंगर तेवढा नव्हता.
आधी काय होतं इथे? मी विचारलं.
तो फोनशी बोलला. फोन मराठीत म्हणाला,
"कमळाचे कंद."
मग जरा थांबून, "चिखल."
तुमच्याकडे? त्याने हातानेच विचारलं.
मला सांगता येईना. म्हटलं, घरी चल, अण्णांना माहीत असेल.

रविवारी आला. शेवभाजी घाम पुसत संपवली.
अण्णांचा डावा कान आता गेलाय,
लाइनीवरच्या हवेच्या गनने नेला, उजव्यात थोडं उरलंय.
बाहेर भाच्याची नवी गाडी उभी होती.
लुओने डावं मागचं दार उघडलं, सोडलं,
आणि ते लागताना डोळे मिटले.

अण्णा ओट्यावरून उठले.
चप्पल न घालता गेले, दाराच्या पत्र्यावर
तळवा सपाट ठेवला
आणि बोटाने खूण केली: परत.
लुओने परत लावलं.
परत.
पाच-सहा वेळा तरी. शेजारचे खिडकीत आले.
शेवटी अण्णा काहीतरी पुटपुटले,
लुओही त्याच्या भाषेत काहीतरी बोलला.
फोन खिशातच होता.
दोघांनी एकदमच खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं,
जिथे रबर पाऊण मिलिमीटर वर आलं होतं.

पट्टी आमच्याकडचीच. बहुतेक मीच पास केलेली.

आधी इथे काय होतं,
ते विचारायचं राहूनच गेलं.