एकास चोवीस

जळगावच्या कारखान्यातला पाइप, दोन इंची, राखाडी,
सुपडू प्लंबरकडे उरलेला सव्वा फूट तुकडा.
उकळत्या पाण्यातून काढला, दोन फळ्यांत हलकेच दाबला,
गोलाचा लंबगोल झाला.
दोन्ही टोकांना कडुनिंबाची निमुळती नाकं.
झाली पाणबुडी.
निदान धरणगावात तरी झाली,
जिथून समुद्र एका रात्रीच्या एसटीवर
आणि नदीसुद्धा तालुक्याच्या कडेकडेनं जाते.

खरी चाळीस फुटांची होती. माझी वीस इंच.
अठराशे चौसष्ट साल, अमेरिकेतलं बंदर,
बाहेर वेढा घालून उभी जहाजं,
आत धक्क्यावर अडकलेल्या कापसाच्या गाठी.
तो वेढा फोडायला हातानं फिरवायची ही लोखंडी नळी:
सात जण एका दांड्याला, आठवा पुढे सुकाणूवर,
उजेडाला एक मेणबत्ती.
त्याच दिवसांत इकडे आमच्या पेठेत
कापसाला चांदीचा भाव.
तिकडची गाठ अडली म्हणून इकडची विकली गेली.

चाळीस वर्षं जिनात फिटर होतो.
रोळ बदलले, पट्टे शिवले,
छातीत रुई घेऊन घरी आलो,
हे कोणी सांगितलं नव्हतं.
तिकडचा कापूस पाठीवर वळ घेऊन कोणी वेचला,
तेही उशिराच वाचलं.
चुकीच्या बाजूची होडी बनवतोय,
माहीत असून बनवतोय.
हात ऐकत नाहीत.

रिबिटांसाठी मोहरी आणली.
चिमट्यानं एकेक दाणा, तीन आठवडे, नऊशे बारा.
मग कळलं, मूळ रिबिटा ठोकून सपाट केलेल्या,
पाणी अडू नये म्हणून.
पॉलिश पेपरनं सगळी मोहरी उतरवली.
दोन दिवस घराला फोडणीआधीचा वास.

मे महिन्यात इथे रंगकाम करू नये.
डबीतून निघालेला ब्रश पाइपापर्यंत पोचेतो
रंगाचा दोरा होतो.
म्हणून पहाटे चारला, कूलर बंद करून, ओट्यावर.
ट्रकांच्या पाठी रंगवणारा याकूब पेंटर
फिरायला निघालेला, थांबला.
म्हणाला, “नुसता काळा नका मारू, काका.
आधी शेंदरी, वर काळा, मग कोपरे घासा.
लोखंड आतून लालच असतं.”

माणसं केली ती तारेची, वर सुताची गुंडाळी,
डोक्याला सरकीचा एकेक दाणा.
माप बरोबर बसलं.
दांडा सायकलच्या स्पोकचा.
झाकण चिकटवणार तोच द्वारका वाकली:
“मझार कोन बठेल शे?”
आठ जण.
“वरथून दिसतीन का?”
नाही.
“मंग कसाले बसाडात?”

काय सांगणार.
ती नळी रात्रीची बंदराबाहेर गेली,
एक जहाज बुडवलं, परत आली नाही.
एकशे छत्तीस वर्षांनी वर काढली
तेव्हा आठही जण आपापल्या जागी.
झाकणाकडे कोणी धावलं नव्हतं.
मेणबत्ती विझताना त्यांनी
दांडा सोडला होता की नाही, एवढं मात्र
कुठल्याच कागदात नाही.

जूनमध्ये शेवटचा हात दिला, वाळू दिली,
उचलली,
आणि आत काहीतरी खुळखुळलं.
एक सरकी सुटलेली.
की अख्खा माणूस?
कानाला लावून पाहिलं, इकडे कलती, तिकडे कलती.
उघडायची तर काळा फोडायचा, शेंदरी फोडायचा,
झाकणाचा सांधा कापायचा.
ब्लेड हातात घेऊन बसलो होतो.
द्वारका म्हणाली,
“ऱ्हाऊ द्या. एक जन तं उठना.”

आता टीव्हीशेजारी असते.
फडकं मारताना ती आधी एकदा
कानाशी नेऊन हलवते,
मग पुसते.