बापूंचे दात

पहिल्यांदा ती कॅसेट होती.
जाड, काळी, अर्ध्या विटेएवढी जड.
पाठीवर चिकटपट्टी: ‘कुमुदचे लग्न, दांडिया बाजार, भाग १’.
भाग २ कधी निघालाच नाही,
व्हिडिओवाल्याचे उरलेले तीनशे
आम्ही दिले नव्हते.

मग सीडी. एक नाही, दोन.
पहिलीत सीमान्तपूजन.
दुसरी ‘शुभ मं’वर येऊन अडकायची
आणि अंतरपाट धरलेले दोन्ही मामा
हात वर करून उभे,
कुणीतरी उठून टीव्हीला थापटी मारेपर्यंत.

मग डीव्हीडी. चित्र तेच,
खोका चकचकीत, वर भलत्याच नवरीचे मेंदीचे हात.
मग पेनड्राइव्ह,
जो माझ्या पँटीच्या खिशातून साबणाच्या पाण्यात गेला,
पिळला गेला, वाळला,
आणि चालला.
एवढीच काय ती प्रगती मी डोळ्यांनी पाहिली.

एकतीस वर्षं बँकेत लोकांचे हिशेब तपासले,
तेव्हा हाही डायरीत मांडून ठेवलाय:
चाळीस मिनिटांच्या लग्नावर
आजवर चार हजार सातशे पन्नास.
त्या लग्नात ताट पडलं होतं अठरा रुपयांना,
श्रीखंडासकट.

न्यायमंदिरामागच्या दुकानात पिनाकिनभाई म्हणाला,
‘काका, हवे फोर-के करावी लो.
बधुं चोख्खुं देखाशे.’
म्हटलं, अरे, जे मुळात टिपलंच गेलं नाही
ते दिसणार कुठून?
तो चहाचा कप खाली न ठेवता म्हणाला,
‘मशीन समजी जाय, काका.’

रविवारी आईची खुर्ची टीव्हीजवळ ओढली.
शहाऐंशी वर्षांची आई, चष्म्यावर चष्मा लावल्यासारखी.
आणि दिसलं खरंच:
कुमुदच्या नथीतला मोती न् मोती,
शालूची जर,
पंगतीत कुणाच्या तरी पानाखालून निघालेली मुंगी.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर अक्षरं उमटली होती
ना गुजराती, ना बाळबोध,
यंत्राने मनानेच काढलेली,
अगदी वळणदार.

मग बापू आले,
हातात अक्षतांचं ताट,
आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

समोरचे दोन दात बापूंनी
मांडवीच्या उतारावर सायकलसह पाडले होते.
कवळीचे पैसे साठवले,
ते मंडपवाल्याला गेले.
कॅसेटमध्ये त्यांचं हसू म्हणजे
एक करडा डाग.
आम्ही घरचे त्या डागात
बरोबर दोन दातांची जागा मोकळी ठेवून बघायचो.

आता तिथे दात होते.
सरळ, पांढरे, शेजाऱ्यांशी जुळवून घेतलेले.
यंत्राला वाटलं असेल,
लग्नाच्या दिवशी मुलीचा बाप
एवढं तरी तोंडात घेऊन येणारच.

‘कोण हे?’ आईने विचारलं.
‘बापू.’
ती पुढे वाकली.
मी रिमोट शोधू लागलो,
पिनाकिनभाईला काय काय बोलायचं
ते गुजरातीत जुळवू लागलो.

‘बरे दिसतात की,’ आई म्हणाली.
‘मागे घे. परत हसू दे.’

सात वेळा मागे घेतलं.
आठव्यांदा ती म्हणाली, पुरे.

कॅसेट अजून कपाटात आहे, डांबरगोळ्यांच्या डब्यामागे.
फितीवर पांढरी बुरशी,
चालवायला यंत्र नाही,
पण दोन्ही दात तिच्यात नीट पडलेले आहेत,
जसेच्या तसे.

रात्री डायरी काढली.
पिनाकिनभाई, अठराशे.
एकूण सहा हजार पाचशे पन्नास.
‘योग्य खर्च’ की ‘वायफळ’,
हा रकाना भरायचा राहिला,
कारण आतल्या खोलीतून,
दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने,
आईचा आवाज आला:

‘तेव्हाच बसवले असते
तर किती पडले असते रे?’

एवढ्या मागचं
माझ्या डायरीत नाही.