चोडणची फेरी

बसायला जागा होती. मी उभीच राहिले
कठडा धरून.
ओटीपोटात कुणी चिमटा काढून
बोटं तिथेच विसरल्यासारखं.

"सैल सोडा," सिस्टर म्हणाली होती.
एकावन्न वर्षांत हे मला
पहिल्यांदाच कुणी सांगितलं.
वर पंखा, पंख्याला जाळं, जाळ्यात काहीच नाही.
मग थंड धातू, मग ब्रश,
मग काचपट्टीवर पेन्सिलीनं माझं नाव.
सुलक्षा. इतकं नीट
रेशनकार्डावरही नाही.

"पिशवीच्या तोंडाचं थोडंसं घेतलंय.
दोन दिवस डाग दिसेल, घाबरू नका."

तोंड.
म्हणजे तिला तोंड होतं!
तीन बाळंतपणं, एक अर्ध्यावर गेलेलं,
आणि आम्ही दोघी
एकमेकींशी अवाक्षर न बोलता.

इस्पेरान्स स्कूटरला टेकून पाव-भाजी खातेय.
तिनंच ओढत नेलं मला रायबंदरला.
तिच्या बहिणीला कुणी ओढलं नव्हतं.
"दुखता गो?"
दुखत नाही, जाणवतं.
"रिपोर्ट?"
तीन आठवड्यांनी.
ती खायची थांबते. पुन्हा खाते.

घरी मोरीत पाहिलं:
भिरंडाच्या दुसऱ्या पाण्याचा रंग,
रुपयाएवढा.
पाळी जाऊन दोन वर्षं झाली,
जुनं कुणी उंबऱ्यापर्यंत येऊन
चप्पल न काढताच परतलं जणू.

सासूबाई बाहेरून विचारतात,
"डॉक्टर काय म्हणाला?"

डॉक्टर बाई होती, मी म्हणते.
आणि दोन दिवस
मी खवणीवर बसणार नाही.