एक आणा शेकडा

वडील कचेरीतून कागदांचे गठ्ठे आणायचे.
माथ्यावर राज्याचं नाव
आणि दोन बाजूंना फणा काढलेले नाग.
राज्य संपलं होतं, कागद उरला होता,
आणि वाया घालवणं वडिलांना जमत नसे.
पट्टी लावून, लाल शाईनं, एकच रेघ.
मजुरी एक आणा शेकडा.

मी सोळाची. दिगू चौदाचा,
आवाज फाटलेला, मिसरूड फुटू लागलेली.
तो नागांनाही खोडायचा.
मी नाग सोडायची,
नागांबद्दल वडील काही बोलले नव्हते.
कंदिलाशी बसून रात्री दहापर्यंत
आम्ही एक अख्खं सरकार निकालात काढत होतो
आणि आई म्हणायची, आधी जेवून घ्या.

सहामाहीच्या भूगोलाला नकाशा आला.
कुणीतरी उभं राहून विचारलं, बाई, हद्द कुठली काढायची?
आठल्येबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, जिन्सी नाल्याकडे.
मग म्हणाल्या, जुनीच काढा.
नवी आली की सांगते.
आणि पेन्सिलीनं काढा, हं.

मी काढली. चंबळ झकास वळली.
पण लष्कर ते शिवपुरी अंतर मोजायला
डिव्हायडर नव्हता.
तो कुदसियाकडे.
मागल्या ऑगस्टात तिनं मागून नेला होता,
एका तासापुरता.
सोमवारी त्यांचं घड्याळांचं दुकान बंद,
मंगळवारीही,
आणि दिवाळीच्या आत तिथं
सख्खरहून आलेला एक माणूस
सुटं कापड मांडून बसला.
भिंतीवरच्या तीन घड्याळांना किल्ली कुठली, त्याला माहीत नव्हतं.
तीन वेगळ्या वेळा दाखवत ती तशीच टांगलेली.

लाहोर आमच्या नकाशात नव्हतंच.
हद्द संपली की पुढे नुसता पांढरा कागद.
कुदसिया त्या पांढऱ्यात गेली.

आणि मधली ती जानेवारीची रात्र.
शेजारच्या रेडिओवर बातमी आली,
वडिलांनी स्टूल मागितलं,
चार स्क्रू काढून दारावरची आडनावाची पाटी
आत आणली, पिठाच्या डब्यामागे ठेवली.
दिगू विचारत राहिला, आपण काय केलंय?
गल्लीत पावलं पळत होती, कुणाची ते कळेना.
मी त्या दिवशी बाहेरची होते,
मागच्या सोप्यात, घोंगडीवर, वेगळा तांब्या घेऊन.
आईनं दार उघडलं.
म्हणाली, आत ये.
शिवाशिव राहू दे आज.
आम्ही चौघं मधल्या खोलीत, दिवा न लावता,
आणि मी आईच्या इतकी जवळ
की तिच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती.
सकाळी तिनं मला परत मागे पाठवलं नाही.
त्यावर कधी बोललीही नाही.

पाटी मे महिन्यात पुन्हा लागली.
भोकं सैल झाली होती, चौथा स्क्रू बसेना.
पोस्टमन मान तिरकी करून वाचायचा.

दसऱ्यापर्यंत साडेतीन रुपये जमले.
दिगूनं त्याच्या वाट्याचं काय केलं
ते मला अजून माहीत नाही.
मी पाटणकर बाजारात डिव्हायडर घेतला.
सुट्ट्यात एक तांब्याचा पाव आणा आला, जुना, आपल्याकडचा.
मी परत सरकवला तर दुकानदार म्हणाला,
चलता है अभी, बाई. चलाओ.

पहिल्या दुकानात नाही चालला.
दुसऱ्यातही नाही.
तिसऱ्या ठिकाणी एका म्हातारीनं न बघताच घेतला
आणि मूठभर चिंचा दिल्या.
घर येईपर्यंत मी सगळ्या खाल्ल्या,
दात आंबेपर्यंत.