पाचवं नख

टेम्पोतून उतरवताना तन्वीरनं विचारलं,
उस्ताद, हा साप आहे का घोडा?
म्हटलं, आधी पाय धर, मग जात विचार.

खुर्ची आली देवळाली कॅम्पातून, लॅम रोडवरून,
गुलचेरबाईंच्या बंगल्यातून,
गोधडीत गुंडाळलेली, बाळंतिणीसारखी.
लाकूड काळं. शिसव म्हणावं तर वास वेगळा,
थोडी मिरी, थोडा ओला तंबाखू.
खिळा एक नाही. कुसू खाचेत असं बसलेलं
की दीडशे वर्षांत भांडण नाही.

आणि पाठीवर तू.

उंटाचं तोंड, सांबराची शिंगं,
पोळ्याच्या बैलासारखे ताठ कान,
अंगभर माशाचे खवले,
मिशा मात्र कुठल्यातरी तालमीतल्या.
पंख नाहीत, तरी चाललायस ढगांतून.
सिन्नरला, गोंदेश्वराला, पोरवयात
एक मकर पाहिला होता मी, अभिषेकाचं पाणी ओकणारा.
त्याचंही असंच,
चार जनावरांकडून उसनं घेऊन उभं केलेलं.

बाई म्हणाल्या, हा आग नाही टाकत, डिकरा,
ते गोऱ्यांचे. हा पाण्याचा मालक.
बरं, म्हटलं. पण आमच्या गावात पाणी
दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात.
कमरेला लागलं की भांडीबाजार हलतो,
गळ्याला लागलं की कोणी मालक राहत नाही.

त्यांचे पणजोबा जहाजानं कँटनला जायचे.
काय घेऊन?
कापूस, म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या.
येताना चहा, रेशीम, आणि ही.
बाईंच्या नवऱ्यानं हिच्यात कधी पाठ टेकली नाही,
तुझं नाक मणक्यात रुतायचं.

तुझ्या तोंडापुढे एक गोळा कोरलेला.
मोती आहे तो.
तन्वीरच्या मते द्राक्षाचा मणी, एक्स्पोर्टचा.
दीड बोटाचं अंतर.
फुंकर मारून धूळ काढताना
मी उगाच तो मणी तुझ्याकडे ढकलून पाहिला.

ललवाणी शेठनी भिंगातून नखं मोजली.
चार. चार. चार. चार.
पाच म्हणजे बादशहाची, ते म्हणाले, चार म्हणजे सरदाराची.
पंजात जागा आहे बघा, एकेक बसवून द्या,
गिऱ्हाईक मुंबईचं आहे,
फरक किती पडेल ते विचारू नका.

जागा होती खरी.
रात्री दिवा तिरका धरला, स्पिरिटनं मळ काढला.
पाचवं कोरलेलं होतं.
मग काढलेलं.
आपोआप तुटलेलं लाकूड दात दाखवतं,
हे पटाशीनं, एका दमात, उतरत्या हातानं,
वरून कसल्याशा गवतानं घासून गुळगुळीत. चारही पंजांना.
आणि खवल्यांत जी केसाएवढी रेघ
तीच इथेही. पात्याला एकच दात पडलेला.
ज्यानं दिलं त्यानंच काढून घेतलं.

कुणाला भ्याला होता?
बादशहाचा माणूस दारात आला असेल.
किंवा गिऱ्हाईकच बदललं, परक्या बंदराचं, पागोट्याचं,
आणि त्याला वाटलं, यांना कशाला आपला पुरा देव.
मी दोन्ही बाजूंनी विचार केला.
तन्वीर भुशावर झोपला होता.
पहाटेपर्यंत माझ्या हातून चार नखं कोरून झाली, सुबक,
पंजावर ठेवून पाहिली.
बसत होती.

शेठना फोनवर सांगितलं, लाकूड घेत नाही.
चाळीस वर्षांच्या धंद्यातलं हे पहिलं खोटं, असं म्हणणार नाही.

बाईंना मात्र खरं सांगितलं.
त्या चष्मा पुसत राहिल्या. खुर्चीत बसल्या,
कडेला, नवऱ्यासारख्याच.
असू दे तसाच, म्हणाल्या.
आणि मी रिक्षात चढता चढता, फाटकातून,
कापूस नव्हता, डिकरा.

नखं स्क्रूंच्या डबीत आहेत.
कधीमधी वॉशर शोधताना
बोटाला लागतात.