मानस

फोंडू कुंडईकर, वय एकसष्ट, चोडण.
उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा,
उभं राहिलं की येतो, निजलं की जातो.
कधीपासून?
नातवाच्या बारशापासून.
नातू आता दहावीत आहे.

लेंग्याची नाडी सोडताना तो पंख्याकडे बघत राहिला.
मीही पंख्याकडेच बघत म्हटलं, खोका.
बोटाच्या टोकावर आतून एक धक्का,
लोटलेल्या दारावर कुणी हलकेच टिचकी मारावी तसा.

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी इथेच अडकले होते.
वंक्षण नलिका. चार सेंटिमीटर. तिरकी.
पुढची भिंत, मागची भिंत, छप्पर, तळ, सगळं पाठ.
सरांनी विचारलं,
एवढ्या भक्कम पोटाला वाट ठेवलीच कशाला?
आणि ठेवली, तर रोज फुटत कशी नाही?

पहिल्याचं उत्तर आलं :
वृषणं वर जन्मतात, मूत्रपिंडांच्या शेजारी,
सातव्या महिन्यात आईच्या अंधारात
पोटाचं अस्तर मागे ओढत खाली उतरतात.
मागचं दार मग लागायचं असतं.
काहींचं लागत नाही.
दुसऱ्याला मी गप्प.

काम काय करता?
मानस राखतो, खाजनाची.
दोन फळ्या. भरती आली की मिटतात,
ओहोटीला शेतातलं पाणी लोटून उघडतं.
कडी नाही?
‘कडी कित्याक, बाय? उदकच धांपता.’

बारा वर्षांनी बांबोळीच्या ओपीडीत
मला उत्तर मिळालं.
खोकला, शिंक, डोक्यावर चढवलेली टोपली :
पोटात भरती येते, आणि तोच दाब
तिरक्या वाटेची मागची भिंत पुढच्या भिंतीवर मिटवतो,
वरून स्नायूंची झडप खाली येते.

मग बिघडतं कसं?
कुर्ल्यो, तो म्हणाला. बांधात अंगठ्याएवढं बीळ,
आणि एका अमावास्येला सगळं शेत खारट.

अमावास्येला ऑपरेशन नको, मला तिथं हवं.
अष्टमीला घेतलं, भांगाच्या पाण्यात.
माडाच्या पोयीसारखा पांढरा, चकचकीत पडदा फाडला,
एक बारीक नस बाजूला सारली,
रज्जू फितीत उचलून धरला,
जाळी शिवली.
‘जाळी? मासे धरपाक?’
कमरेखाली बधिर, वर पूर्ण जागा,
हिरव्या कापडापलीकडून विचारत होता.

दहाव्या दिवशी टाके काढले.
तीन महिने फळी उचलायची नाही, म्हटलं.
तो हो म्हणाला, आणि आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

खोका.
त्यानं छाती भरून खोकलून दाखवलं,
यावेळी माझ्याकडे बघत :
‘धरलां न्ही गो?’