तडीरी, अक्का

वायर आली ती खिडकीतून,
मागाच्या डोक्यावरून, जिथं पूर्वी जकार्डच्या पट्ट्या लोंबायच्या.
ईरण्णा हुक्केरी ओठांत खिळे धरून
भिंत ठोकत होता. मराठी तोडकं, हात पक्का.
मी म्हटलं, झालं न्हवं? लाव की मग.
खिळे हातात घेऊन तो म्हणाला,
"तडीरी, अक्का. आधी कुलूप, मग दार."

सहा वर्षं हा कॉम्प्युटर घरकोंबडा.
साड्यांचा हिशेब, सुताची उधारी,
कुणाशी बोलला नाही म्हणून कधी आजारी पडला नाही.
आता जीएसटीवाल्यांना सगळं ऑनलाइन हवं.

त्यानं राऊटर उलटा केला. बुडाला कागद चिकटवलेला:
नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.
"असल्या हजार डब्यांना हीच किल्ली."
मला आठवलं, आमच्या गल्लीतली सगळी कुलपं
खडेबाजारच्या एकाच दुकानातली,
आणि मालती शिंपिणीची किल्ली
आमच्या कडीला लागायची.
एकदा लागलीच होती. तेव्हा आम्ही हसलो होतो.

"नवीन घाला. मला सांगू नका."
आणि तो खरंच भिंतीकडं तोंड करून उभा राहिला,
अंतरपाटाआडच्या नवऱ्यासारखा.
मी चार शब्द जोडले.
दोन मराठी, एक कन्नड,
एक सासूची शिवी, जी कुठल्याच कोशात नाही,
आणि शेवटी किंमत, कधीच न विकल्या गेलेल्या एका साडीची.
क्रम इथं लिहीत नाही.
कवितेलाही सगळं सांगायचं नसतं.

मग दीड तास नुसतं गोल गोल फिरणारं चक्र.
म्हटलं, बँकेचं तेवढं बघू दे की.
"तडीरी. सहा वर्षांच्या लसी राहिल्यात ह्याच्या.
तसंच जत्रेत न्यायचं?"
दोन चहा झाले. तिसऱ्याला नको म्हणाला,
मग प्याला.

फायरवॉल म्हणजे काय, विचारलं
तर त्याचं मराठी संपलं,
माझं कन्नड पुरेना.
थोडा वेळ डोकं खाजवलं त्यानं.
मग एकच शब्द: "कोगनोळी."
कळलं.
त्या नाक्यावर किती पिशव्या उघडून दाखवल्यात आम्ही,
कुठनं आला, कुणाकडं चालला, कागद कुठाय.
फरक इतकाच,
इथं खुर्चीवर मी.

स्क्रीनवर आता माझी दोन नावं,
एक मालकीण, एक कामवाली.
रोज कामवालीच बसते, मालकिणीच्या किल्ल्या
रोज कमरेला नकोत म्हणे.
हे खरं मला आधीपासून येत होतं.
हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्ह कुंद्याच्या रिकाम्या डब्यात,
डबा फडताळात, कुठल्याच वायरीला न जोडलेला.
अजून तुपाचा वास येतो हिशेबाला.

नवव्या दिवशी सगळी स्क्रीन लाल.
भोंगा वाजायला लागला.
'आपल्या संगणकास गंभीर धोका,
या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा.'
माझा हात फोनकडं गेला. सहा आकडे दाबूनही झाले.
सातव्याला अडले.
आमच्या वडगावात 'त्वरित' कोण म्हणतं?
बिल वसुलीला येणारासुद्धा म्हणत नाही.
वायर उपटली.
पलीकडच्या घरातला पॉवरलूम
तेवढा ऐकू येत राहिला, खटाखट, खटाखट.

परत चालू केलं तर काही नव्हतं.
नुसतं एक पान होतं ते, रंगवलेलं.
ईरण्णाला कळवलं, त्यानं अंगठा पाठवला.

संध्याकाळी शेजारचा प्रज्योत दारात,
"काकी, मॅच हाय. वायफाय दे की."
पाहुण्यांसाठी वेगळं जाळं करून दिलंय ईरण्णानं,
नाव मी ठेवलं, पडवी.
म्हटलं, ये, बस पडवीत.
माजघरात यायचं न्हाई.